पंपावरचं जुनं डिझेल इंजिन दुसऱ्या कामाला लावताना: निवड, तपासणी आणि जोडणीचा क्रम

विहिरीवरचं जुनं इंजिन आणून कडबाकुट्टीला किंवा जनरेटरला जोडलं आणि महिन्याभरात हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडा गेला, अशी तक्रार कायम येते. इंजिन बहुतेक वेळा चांगलं असतं, गडबड क्रमात झालेली असते. इंजिन आणलं, खोललं, रंगवलं, पुली ठोकली, हॅण्डल मारलं, आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी केला.

पंप पाणी उपसण्याशिवाय इंजिनासाठी तीन कामं करत होता, ती आधी लक्षात घ्या. डिलिव्हरी पाइपाला जोडलेल्या बारीक नळीतून तो इंजिनाला थंड पाणी पुरवत होता. इंजिनावर तासन्‌तास एकसारखा, झटके न देणारा लोड ठेवत होता. आणि कपलिंगने सरळ रेषेत जोडलेला असल्यामुळे क्रँकशाफ्टला बाजूने ओढत नव्हता. पंप काढला की ही तिन्ही कामं तुमच्या गळ्यात पडतात.

पुढचं सगळं एका सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनांबद्दल आहे. आपल्याकडे यात दोन प्रकार जास्त सापडतात. एक किर्लोस्कर एव्ही-१ आणि त्या धर्तीची इंजिनं: ८० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ११० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ५५३ सीसी, १५०० आरपीएमला ५ एचपी. दुसरं लिस्टर-टाइप ६/१: दोन मोठी चाकं, ६५० आरपीएम, ६ एचपी, सुमारे १.४ लिटरचा सिलिंडर. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची छोटी इंजिनं इथे घेतलेली नाहीत. त्यांच्यात पंप बऱ्याचदा क्रँकच्याच लांबवलेल्या टोकावर बसतो, त्यामुळे पुलीला धड जागा मिळत नाही.

## १. आधी काम ठरवा

जुन्या इंजिनाच्या पाटीवरचा आकडा पूर्ण धरू नका. दुरुस्ती नीट झाली तरी ८० टक्के धरा, म्हणजे ५ एचपीचं इंजिन ४ एचपीचं समजा. त्यात काय बसतं ते असं:

- २ ते ३ एचपीची कडबाकुट्टी: आरामात.
- तीन पिस्टनचा, जास्त दाबाचा (एचटीपी) फवारणी पंप: आरामात.
- गिअरबॉक्सचा रसवंतीचा चरक: चालतो, पण झटके बसतात. लिस्टर-टाइप जास्त बरं, कारण चाकं जड असतात.
- अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र): ५ एचपीवर ३ केव्हीएपर्यंत. ५ केव्हीएचा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, इंजिन तो पूर्ण ओढू शकणार नाही.
- पिठाची मोठी दगडी गिरणी: ५ एचपीवर नको.

रस्त्यावर चालवायची गाडी करायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. त्याची नोंदणी होत नाही, आणि अपघात झाला की विमाही मिळत नाही.

काम ठरलं की यंत्राच्या पाटीवरून तीन गोष्टी लिहून घ्या: लागणारी शक्ती, लागणारे आरपीएम आणि फिरण्याची दिशा. दिशा विसरणारे बरेच. इंजिन उलटं फिरवता येत नाही, आणि कुट्टीचं पातं उलटं फिरून चालत नाही. अशा वेळी यंत्र इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावं लागतं किंवा त्याचं तोंड फिरवावं लागतं, आणि मग पायाचा सगळा नकाशा बदलतो.

## २. कुठे शोधायचं

सगळ्यात चांगली इंजिनं अजून इंजिनघरातच असतात. वीज जोडणी मिळाल्यावर मालकाने चालू स्थितीत बंद केलेलं, छपराखालचं, पंप अजून जोडलेला, असं इंजिन भंगाराच्या ढिगातल्या तीन इंजिनांपेक्षा मोलाचं. गावातल्या जुन्या इंजिन मिस्त्रीला विचारा. कोणाचं इंजिन कधी बंद पडलं आणि कशामुळे, हे त्याला पाठ असतं.

भंगारवाल्याकडे घ्यायचं असेल तर ते फोडण्याआधी गाठा. तिथे आधी पितळेचे आणि तांब्याचे भाग जातात, मग इंधन पंप. इंधन पंप, नोझल (डिझेलचा फवारा मारणारा भाग) आणि गव्हर्नरचे (लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करून वेग राखणाऱ्या यंत्रणेचे) दांडे नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी महाग पडतं. सुट्या भागांसाठी कोल्हापूरचं उद्यमनगर आणि लिस्टर-टाइपसाठी राजकोट ही भरवशाची ठिकाणं. एव्ही-१ चे लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी), पिस्टन, रिंगा तालुक्याच्या गावातही मिळतात, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तेच घ्यावं. पाटीच वाचता येत नाही अशा अनोळखी बनावटीच्या इंजिनाच्या वाटेला जाऊ नये.

तपासा: इंजिन नंबर वाचता येतो का? विकणाऱ्याची सही, तारीख आणि इंजिन नंबर असलेली पावती घ्या. शेतावरून इंजिनं चोरीला जातात, आणि तुमच्याकडे कागद नसेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

## ३. जागेवरची तपासणी

सोबत पान्यांचा संच, टॉर्च, ऑइलची छोटी बाटली, चिंधी आणि एक पांढरी बशी न्या. पुढचा क्रम बदलू नका. बरेच जण पोचताच हॅण्डल मारतात, आणि आत पाणी किंवा अडकलेला व्हॉल्व असेल तर व्हॉल्व उघडणारा पुशरॉड तिथेच वाकतो.

ऑइल. चेंबरचा (इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या जागेचा) ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा आणि पहिली धार बशीत घ्या. आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधासारखं पांढरट असलं तर पाणी आत उतरलंय. कारण साधं असू शकतं (सायलेन्सर उघडा राहून पाऊस आत गेला), नाही तर हेड गॅसकेट, लायनरच्या रबरी रिंगा किंवा तडा. ऑइलात चकाकणारा पितळी चुरा दिसला तर बेअरिंग किंवा बुश गेलेत. भाव त्या हिशेबाने करा.

व्हॉल्व. रॉकरचं झाकण काढा. दोन्ही व्हॉल्वच्या टोकांची उंची पाहा. एक खाली बसलेला असेल आणि त्याच्यावरचा रॉकर सैल असेल तर तो गंजून अडकलाय, बहुतेक एक्झॉस्टचा. फ्लायव्हीलला (जड चाकाला) हात लावू नका. व्हॉल्वच्या दांड्यावर डिझेल-ऑइल टाकून लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकून तो मोकळा करा.

फिरतं का. डीकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व उघडा धरून सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवा. मध्येच टणक थांबलं तर जोर लावू नका.

कॉम्प्रेशन. लिव्हर सोडा आणि हळूहळू फिरवत कॉम्प्रेशनवर (पिस्टन आतली हवा दाबतो त्या जागी) आणा. चांगल्या इंजिनात चाक अडतं, दाबून धरलं तर उसळून मागे येतं. दाब हळूहळू सुटत असेल तर कान लावा. एअर क्लीनरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा आणि लायनर. खात्रीसाठी नोझल काढून त्या भोकातून दोन चमचे ऑइल आत सोडा, दोन फेरे फिरवा, नोझल बसवा आणि पुन्हा पाहा. दाब वाढला तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व.

क्रँक. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली उचलून पाहा. हाताला खटका लागला तर मेन बेअरिंग ढिलं आहे. मग चाक फिरवत कडेला खडूचं टोक धरा. रेघ एकाच बाजूला उमटली तर चाक वेडंवाकडं फिरतंय: चावी (चाक शाफ्टवर पक्कं धरणारी लोखंडी पट्टी) सैल असेल किंवा शाफ्ट वाकला असेल. वाकलेला शाफ्ट असलेलं इंजिन सोडून द्या.

पाण्याचं जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीची पाणी फिरायची पोकळी. हेडला जाणारी नळी सोडवून टॉर्चने आत पाहा. आपल्या विहिरींच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे थोडा थर सापडणारच. तोंडच बुजलेलं असेल तर इंजिन आयुष्यभर तापलेलं चाललंय, आणि हेडमध्ये दोन व्हॉल्वच्या मध्ये तडा असण्याची शक्यता मोठी.

सावधान: नोझलचा फवारा पाहायला तोंड किंवा हात पुढे नेऊ नका. एव्ही-१ च्या वर्गात नोझल साधारण २०० बारला उघडतो. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

## ४. उचलणं आणि पंप वेगळा करणं

लिस्टर-टाइप इंजिन साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं. चेन-पुली आणि भक्कम तिवई हवीच. दोर चाकांना किंवा क्रँकच्या टोकाला बांधू नका, इंजिनाच्या अंगाला बांधा. ऑइल आणि डिझेल आधीच काढून टाका, नाही तर टेम्पोत आडवं झालं की ऑइल सिलिंडरच्या वर जातं.

पंप सोडवण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढा: इंधनाच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, गव्हर्नरचे दांडे आणि कपलिंग. कपलिंग हातोड्याने मारून काढू नका. तो मार थेट बेअरिंगवर बसतो. पुलर लावा, हलका गरम करा. कपलिंगची चावी जपून ठेवा, पुली बसवताना तीच लागेल.

## ५. जाम इंजिन सोडवणं

फिरत असेल तर ही पायरी सोडा.

नोझल काढा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून त्या भोकातून अर्धा कप आत ओता, भोक चिंधीने बंद करा. रोज थोडं पुन्हा टाका. चौथ्या दिवसापासून फ्लायव्हीलला हातभर लांब दांडा लावून पुढे-मागे झुलवा. एका दिशेने रेटायचं नाही. केसभर हललं तरी पुरे, उद्या बोटभर हलेल. आठवडाभरात हललं नाही तर हेड काढा, लायनरचा वरचा गंज पॉलिश पेपरने घासा आणि पिस्टनवर जाड लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या.

सावधान: पिस्टनवर थेट हातोडा नको, आणि गॅसच्या ज्योतीने सिलिंडर तापवणंही नको. ओतीव लोखंड एकाच जागी तापलं की तडकतं.

## ६. खोलणं, मोजणं, साफ करणं

चालू इंजिन पूर्ण खोलायची हौस आवरा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर हेड, नोझल, चेंबरचं झाकण आणि जॅकेट एवढंच खोला.

इंधन पंप काढताना त्याच्याखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. इंजेक्शनची वेळ त्या शिमवर ठरते. ते मोजा, तारेत ओवून पंपालाच बांधा. एक शिम हरवला तर इंजिन ठोकतं किंवा पांढरा धूर सोडतं, आणि दोष नोझलवर जातो.

हेड स्वच्छ घासून व्हॉल्वच्या मधल्या जागेवर रॉकेल फिरवा, दहा मिनिटांनी पुसून खडूची पूड लावा. तडा असेल तर ओली रेघ उमटते. तडकलेल्या हेडला वेल्डिंग करून देणारे भेटतील, तरीही नवीन किंवा चांगलं जुनं हेड घ्या.

लायनर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्या. लेथवाल्याकडे बोअर गेज असतो. ८० मिमीच्या बोअरमध्ये झीज पाव मिमीच्या पुढे गेली की फक्त नव्या रिंगा टाकून उपयोग नाही, लायनर-पिस्टनचा पूर्ण संच टाका. रिंग लायनरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने पाहा: नव्या रिंगेत ०.२५ ते ०.४० मिमी. फट कमीच असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि लायनरला ओरखडे पडतात.

जॅकेटसाठी लिंबूसत (सायट्रिक ॲसिड) वापरा. एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम, जॅकेट भरेल एवढं. फेस यायचा थांबेपर्यंत, चार-सहा तास, ठेवा. मग ओता, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. दुकानदार बाथरूमचं ॲसिड सुचवतात. ते क्षारांबरोबर लोखंड आणि रबरी रिंगाही खातं.

नोझल आणि इंधन पंप डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात टेस्ट बेंचवर तपासून आणा. घरी खोलू नका. त्यांच्या आतले प्लंजर जोडीने घासलेले असतात, केसाएवढी धूळ गेली तरी जोडी वाया.

व्हॉल्वची टॅपेट फट (व्हॉल्वचं टोक आणि रॉकर यांच्यातली) थंड इंजिनावर, दोन्ही व्हॉल्व बंद असताना लावा. एव्ही-१ च्या वर्गात साधारण ०.२० मिमी, लिस्टर-टाइपमध्ये त्याच्या दुप्पट. बनावटीनुसार फरक असतो, पाटीवर किंवा पुस्तिकेत आकडा असेल तर तोच पाळा. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळा.

तपासा: सगळं बसल्यावर फ्लायव्हील हाताने चार फेरे सहज फिरलं पाहिजे, कुठेही खरखर नको.

## ७. पाण्याची नवी सोय

जुनी इंजिनं सगळ्यात जास्त इथेच मरतात. पंपासोबत थंड पाणी येत होतं, आता येणार नाही. ‘दहा मिनिटंच चालवून बघतो’ म्हणून कोरडं चालवलेलं इंजिन त्या दहा मिनिटांतच लायनरला ओरखडे पाडून घेतं.

आधी हिशेब. ५ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर जवळपास ४ किलोवॉट उष्णता पाण्यात टाकतं. २०० लिटरच्या पिंपातलं पाणी त्याने तासाला सुमारे १७ अंशांनी तापतं. ३० अंशांवर सुरुवात केली तर अडीच-तीन तासांत ते ७५ अंशांवर पोचतं. पिंपाच्या अंगातून उष्णता जाते म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो. रोज तासभर कुट्टी करायला एक पिंप पुरे. चार-पाच तास सलग जनरेटर चालवायचा असेल तर दोन पिंपं जोडा.

पुढचं तुमच्या इंजिनाची पाण्याची तोंडं किती मोठी आहेत यावर ठरतं.

तोंडं सव्वा इंचाच्या आसपास असतील तर (लिस्टर-टाइपमध्ये असतात) पंपाशिवाय पाणी आपोआप फिरतं. गरम पाणी वर चढतं, थंड खाली येतं. पिंप स्टँडवर असं ठेवा की त्याचा तळ जॅकेटच्या खालच्या तोंडाच्या बरोबरीला किंवा किंचित वर येईल. पिंपाच्या तळापासून खालच्या तोंडाला एक नळी. हेडच्या वरच्या तोंडापासून पिंपाकडे दुसरी, पूर्ण लांबीभर चढती. ती पिंपात पाण्याच्या पातळीच्या चार-सहा इंच खाली शिरली पाहिजे. पातळी या नळीच्या खाली उतरली की अभिसरण तुटतं, आणि पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं असूनही इंजिन तापतं. नळीला मध्ये कुठेही उंटाच्या पाठीसारखा उंचवटा देऊ नका, तिथे हवा अडकते.

तोंडं अर्ध्या इंचाची असतील तर (पंपसेटच्या इंजिनांत बऱ्याचदा असतात) पिंप जोडून पाणी आपोआप फिरणार नाही. वरच्या टाकीतून व्हॉल्व लावून पाणी सोडा, बाहेर पडणारं गोठ्याच्या हौदात किंवा दुसऱ्या पिंपात घ्या. ३० अंशांचं पाणी ६० अंशांना बाहेर पडायला ताशी ११५ ते १२० लिटर लागतं. मिनिटाला दोन लिटर धरा आणि बादली-घड्याळ लावून व्हॉल्व ठरवा. व्हॉल्वची ती जागा रंगाने खूण करून ठेवा.

पाणी धो धो सोडणं हीसुद्धा चूक. सतत थंड राहणाऱ्या इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइल पातळ होतं, लायनर झिजतो. बाहेर येणारं पाणी ६० ते ७५ अंशांत ठेवा.

सावधान: इंजिन तापून पाणी उकळलं तर लगेच गार पाणी ओतू नका. लोड काढा, इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा.

## ८. गव्हर्नर आणि इंधन

पंपाचा लोड एकसारखा असल्याने गव्हर्नरचे दांडे वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेले असतात. तिथेच ते झिजतात आणि बाकीच्या भागावर गंज चढतो. कुट्टीत पेंढी घातली की गव्हर्नरला झटक्यात हलावं लागतं, आणि तो अडकला तर इंजिन एक तर बसतं नाही तर सुसाट सुटतं.

प्रत्येक सांधा डिझेलने धुवा, ऑइल द्या, बोटाने पूर्ण अंतर हलवून पाहा. कुठेही न अडकता स्वतःच्या वजनाने किंवा स्प्रिंगने परत आला पाहिजे. स्प्रिंग ताणलेली असेल तर नवी घाला. इतर कुठल्या यंत्राची जुळवू नका.

सावधान: इंधन पंप पुन्हा बसवताना त्याच्या रॅकचा (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्याचा) हूक गव्हर्नरच्या दांड्याच्या खाचेत बसलाय, हे डोळ्यांनी पाहा. खाचेबाहेर राहिला तर पंप पूर्ण डिझेल देत राहतो आणि बंद करायचा लिव्हर कामच करत नाही. पंप बसल्यावर लिव्हर हलवून रॅक दोन्ही टोकांना जातो का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टाकी आतून धुवा, फिल्टर नवा घाला. मग हवा काढा, क्रमाने: टाकीचा कॉक उघडा, फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोझलच्या नळीचा नट. नट आवळून, डीकॉम्प्रेशन उचलून फ्लायव्हील फिरवा. प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला नोझलमधून ‘चर्रक’ असा कोरडा आवाज आला की इंधन तयार.

## ९. पाया आणि पट्टा

एव्ही-१ चॅनेलच्या चौकटीवर बोल्ट करून चालतं. लिस्टर-टाइपला काँक्रीटचा ठोकळा लागतो, वजन इंजिनाच्या चौपट धरा. ३५० किलोच्या इंजिनाला १४०० किलो काँक्रीट, म्हणजे १.२ × ०.९ मीटर आणि ५५ सेंमी खोल. मिश्रण १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), चार १६ मिमीचे वाकवलेले बोल्ट. निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय इंजिन चढवू नका. इंजिन आणि यंत्र एकाच पायावर किंवा एकाच चौकटीवर असू द्या. वेगवेगळ्या पायांवर ठेवलं तर पट्टा रोज ताणावा लागतो.

पुलीचा हिशेब सोपा: इंजिनाचे आरपीएम × इंजिनाची पुली = यंत्राचे आरपीएम × यंत्राची पुली. इंजिन १५०० वर, पुली ५ इंच, यंत्राला १२ इंचाची पुली दिली तर यंत्र ६२५ वर फिरेल. वेग कमी पडला तर पुली बदला. गव्हर्नरची स्प्रिंग आवळून १५०० च्या इंजिनाला १८०० वर नेणारे महाभाग आहेत, आणि फुटलेल्या फ्लायव्हीलचा तुकडा पत्र्यातून आरपार जातो.

पट्टे दोन, ‘बी’ सेक्शनचे. एकाच पट्ट्यावर ५ एचपी ओढायला लावलं तर तो घसरतो, मग लोक तो जास्त ताणतात आणि बेअरिंग जातं. लांबीचं सूत्र: दोन पुल्यांच्या मध्यांतराची दुप्पट, अधिक दोन्ही व्यासांच्या बेरजेची १.५७ पट, अधिक व्यासांतल्या फरकाच्या वर्गाला मध्यांतराच्या चौपटीने भागून येणारा आकडा. वरच्या पुल्या आणि ३६ इंच मध्यांतर घेतलं तर ७२ + २६.७ + ०.३ = ९९ इंच. ‘बी’ पट्ट्यावरचा छापील आकडा आतल्या मापाचा असतो, तो दीड-दोन इंचांनी कमी येतो. बी-९७ मागा, आणि दोन्ही पट्टे एकाच कंपनीचे घ्या.

पुली क्रँकवर बेअरिंगच्या जितकी जवळ बसेल तितकी चांगली. पंपाच्या कपलिंगची जागा लांब टोकाला होती, तिथेच पुली बसवली तर पट्ट्याची ओढ शाफ्टला वाकवायला बघते. जवळ घेता येत नसेल तर टोकाला वेगळा पेडस्टल बेअरिंग द्या.

दोन्ही पुल्यांवर दोरी ताणून धरा. चारही कडांना दोरी टेकली पाहिजे. ताण असा ठेवा की पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो दीड सेंमी दबेल. यंत्र सरकत्या रुळांवर बसवा, म्हणजे पट्टा सैल ठेवून इंजिन सुरू करता येतं. कुट्टीचं जड चाक अंगावर घेऊन हॅण्डल मारायला पैलवान लागतो.

जनरेटरसाठी एव्ही-१ सोयीचं: १५०० आरपीएमला चार पोलचा अल्टरनेटर थेट जोडला की ५० हर्ट्झ मिळतात. लिस्टर-टाइपला १४ इंच आणि ६ इंच अशा पुल्या लागतात, पट्ट्याची घसरण धरून १५०० च्या जवळ येतं. घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) हवाच. तो नसेल तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते, आणि खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो.

तपासा: पट्ट्याला आणि फ्लायव्हीलला जाळी बसली का? पदर, उपरणं, मफलर घालून इंजिनाजवळ जायचं नाही.

## १०. पहिलं सुरू करणं

दोन माणसं हवीत. एक हॅण्डलवर. दुसऱ्याच्या हातात एअर इनटेकचं तोंड पूर्ण झाकेल एवढी सपाट फळी. लिव्हरने इंजिन बंद झालं नाही तर त्याने फळी घट्ट दाबून हवा तोडायची. हाताने किंवा कापडाने झाकू नका, इंजिन ते आत ओढून घेतं.

ऑइल २०डब्ल्यू-४० चालेल, काडीच्या वरच्या खुणेपर्यंतच. एअर क्लीनरच्या वाटीतही खुणेपुरतंच. जास्त भरलेलं ऑइल इंजिन हवेसोबत ओढून जाळायला लागतं आणि डिझेल बंद केलं तरी पळत राहतं. इंजिन सुसाट सुटण्याचं हे नेहमीचं कारण.

पाणी सोडा, पट्टा सैल करा, डीकॉम्प्रेशन उचला. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅण्डल हातातून सुटतं, मनगट वाचतं. चाकाला वेग आला की लिव्हर सोडा.

सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात ऑइल चढतंय का पाहा. ऑइलचा दाब दाखवणारी सोय असेल तर ती, नसेल तर रॉकरचं झाकण उघडून. लिस्टर-टाइपमध्ये ऑइल शिंतोड्यांनी उडतं, तिथे चेंबरमधली पातळीच महत्त्वाची. मग आरपीएम मोजा. डिजिटल टॅकोमीटर नसेल तर कोणाकडून मागून आणा, कानाने ठरवू नका. जनरेटरला लोड नसताना ५२ हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नका.

बंद खोलीत चालवायचं नाही. सायलेन्सरचा पाइप बाहेर काढा, कोपरे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि तोंडावर पावसाचं झाकण हवंच.

## ११. लोड चढवणं

नव्या रिंगा टाकल्या असतील तर दहा-पंधरा मिनिटं मोकळं चालवा आणि लगेच पाव लोड द्या. तासन्‌तास मोकळं चालवलं की लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. पहिले पाच तास अर्ध्या लोडपर्यंत, पुढचे पंधरा तास पाऊण. पहिल्या दिवसानंतर, इंजिन गार झाल्यावर, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा पाहा. २५ तासांनी ऑइल बदला. पुढे पुस्तिकेत दिलेल्या तासांनी.

धुराकडे लक्ष ठेवा. लोडवर काळा धूर म्हणजे लोड जास्त किंवा एअर क्लीनर तुंबला, आधी क्लीनर धुवा. गार असताना थोडा पांढरा धूर चालतो. तापल्यावरही राहिला तर इंजेक्शनची वेळ, म्हणजे ते शिम पाहा, आणि पाण्याची पातळी उतरतेय का तेही. निळा धूर ऑइल जळतंय असं सांगतो. नव्या रिंगांवर वीस-पंचवीस तासांत कमी झाला नाही तर रिंगा उलट्या बसल्यात किंवा लायनरचं माप चुकलंय.

पूर्ण लोडवर ताशी एक लिटरच्या थोडं वर डिझेल जाणं ठीक. दीड लिटर जात असेल तर आधी नोझल बेंचवर पाठवा, मग पट्ट्याची घसरण तपासा. पुली हाताला चटका देत असेल तर डिझेल पट्टा घासण्यातच जातंय.

काम संपल्यावर लोड काढून पाच मिनिटं मोकळं चालवा, मग बंद करा. पाऊस-पाण्याच्या दिवसांत इंजिन पंधरा दिवसांहून जास्त उभं राहणार असेल तर फ्लायव्हील कॉम्प्रेशनवर आणून सोडा. दोन्ही व्हॉल्व बंद राहतात, आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.